वाडीपासून शाळेपर्यंत

मुंबईहून गोव्याकडे महामार्गाने जाणाऱ्या श्रोत्यांना हातखंबा हे नाव बहुधा एका तिठ्यापुरतेच ठाऊक असते. निवळी मागे टाकून गाडी येथे पोचली की एक रस्ता पश्चिमेस खेडशीवरून रत्नागिरी शहराकडे उतरतो. दुसरा पालीकडे जातो आणि तेथून पुढे गोव्याची व कोल्हापूरची वाट वेगळी होते. प्रवासी येथे क्षणभर डोळे उघडतो, पाटी वाचतो आणि पुन्हा मान टेकतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांस जो मुलूख पसरला आहे, त्याच्याशी त्याचे काही देणेघेणे नसते. परंतु खेड्यातील मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, शाळेत जावे म्हणून काय करावे लागते हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने गाडीतून येथेच उतरावे हे बरे. कारण हा प्रश्न ग्रंथांत जसा मांडलेला असतो तसा तो येथे दिसत नाही. येथे तो पायांखालच्या वाटेवर दिसतो.

देशावरचे गाव एकगठ्ठा असते. वेस, पेठ, देऊळ, चावडी आणि त्यांच्या भोवती घरे. अशा गावात मध्यभागी एक शाळा बांधली की ती सर्वांची झाली. कोकणातील गाव तसे नव्हे. ते वाड्यांत विखुरलेले असते. एक वाडी सड्याच्या कडेला, दुसरी खाली भातशेतीच्या अंगाला, तिसरी वहाळापलीकडे, चौथी टेकडीच्या कुशीत. एका वाडीतील कोंबडा आरवला तर तो दुसऱ्या वाडीस ऐकू जाईलच असे नाही. महसुली दप्तरात हे सारे एक गाव, आणि त्या गावात शाळा आहे अशी नोंद असली म्हणजे दप्तराचे समाधान होते. सहा वर्षांच्या पोरीचे समाधान तेवढ्याने होत नाही. तिला पाखाडी उतरावयाची असते, पऱ्या ओलांडावयाचा असतो आणि पुन्हा चढण चढावयाची असते. उन्हाळ्यात ही वाट पंधरा मिनिटांची. आषाढात तीच वाट कधी तासाची होते, आणि लाकडी साकव पुराने वाहून गेला तर ती वाटच उरत नाही.

शहरात बसून ‘खेड्यातील पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही’ असे म्हणणे फार सोपे आहे. तसे पालक नसतातच असे नाही. परंतु ज्या आईने मुलीला सकाळी पाठविले आणि संध्याकाळी दिवेलागण होऊनही ती परत आली नाही म्हणून जी उंबरठ्यावर उभी राहिली, तिने दुसऱ्या वर्षी मुलीला घरी ठेवले, तर त्यास अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. तो हिशेब आहे, आणि त्या हिशेबातील मुख्य आकडा अंतराचा आहे.

हे अंतर म्हणजे काय, हे ज्याच्या स्वतःच्या पायांना पुरते ठाऊक होते असा एक पुरुष ह्याच जिल्ह्याने दिला. धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरूड गावी गेले. १८७५ साली सरकारी परीक्षेस बसण्याकरिता हा सतरा वर्षांचा मुलगा मुरूडहून साताऱ्यास पायी गेला. दिवस पावसाळ्याचे, वाट कुंभार्ली घाटाची, अंतर शंभराहून अधिक मैलांचे. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले, हा वयाने लहान दिसतो असे ठरविले आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आला तसा तो परतला. पुढे विधवांसाठी १८९६ साली आश्रम, नंतर हिंगण्याची संस्था, १९१६ साली महिलांचे विद्यापीठ, ही त्यांची कार्ये महाराष्ट्रातील प्रत्येक सुशिक्षित घरात परिचित आहेत.

त्यांच्या आयुष्यातील एक उत्तरकालीन कार्य मात्र तितके सांगितले जात नाही. १९३६ साली, म्हणजे वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे होत असताना, त्यांनी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ स्थापन केले. ज्या खेड्यांत जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नाही, तेथे प्राथमिक शाळा काढावयाची, एवढाच त्याचा हेतू. विद्यापीठाचा संस्थापक उतारवयात पहिलीच्या वर्गाकडे वळला आणि त्यासाठी पुण्यात दारोदार हिंडून किरकोळ वर्गण्या जमवू लागला, हे दृश्य चरित्रकारांना विद्यापीठाइतके भव्य वाटले नसावे. पण त्यात एक सरळ तर्क होता. मोठ्या संस्थेच्या दारापर्यंत जी मुलगी पोचते तिची काळजी ती संस्था घेईल. जिच्या खेड्यात मुळाक्षरेच पोचली नाहीत ती त्या दारापर्यंत कशी यावी? स्त्रीशिक्षणाची इमारत वरून बांधीत आलेल्या ह्या वृद्धाला तिचा पाया खेड्यात घालावयाचा राहिला आहे हे दिसले, आणि तो खाली उतरला.

त्याच सुमारास साताऱ्याकडे भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा चालवू लागली होती. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झालेले बाळासाहेब खेर हे जन्माने रत्नागिरीचे. शिक्षण खाते त्यांच्याच हाती होते आणि अशा शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण त्यांच्या मंत्रिमंडळाने स्वीकारले. खेड्यातील शाळेस भव्य इमारत लागत नाही, देवळाची ओवरी आणि एक कळकळीचा मास्तर पुरतो, हा त्या पिढीचा विश्वास होता. त्यात थोडा भाबडेपणा होता हेही कबूल करावयास हवे. ओवरीत मुलींसाठी आडोसा नसतो, आणि ओवरीत सर्वांना प्रवेशही नसतो.

कारण मैलांचे अंतर हे अंतराचे एकच रूप झाले. दुसरे रूप दापोलीने पाहिले आहे. दापोलीस लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. ह्या पेन्शनरांनी १८९२ साली आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केला. ज्यांनी सरकारासाठी बंदुका वाहिल्या त्यांची मुले सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत बसू शकत नव्हती. प्रकरण लांबले, विरोध झाला, आणि शेवटी मुले शाळेत आली ती व्हरांड्यात बसण्यासाठी. व्हरांड्यापासून वर्गापर्यंतचे अंतर चार पावलांचे. ते ओलांडण्यास मैलांच्या अंतराहून अधिक काळ लागला. १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. ठराव संमत होणे आणि मास्तराने फळ्यासमोर जागा करून देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना, मुलांना जातवार न बसविता मिसळून बसवा ह्या साध्या मागणीसाठी जिल्ह्यात चळवळ करावी लागली, ह्यावरून ते ध्यानात येईल. खोती तर कायद्याने १९४९ सालापर्यंत होती, आणि कुळाच्या पोराने शाळेत बसावे की खोताच्या शेतात राबावे, ह्याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या बापाच्याही हाती नसे.

वाड्या कोकणात बहुतकरून जातीच्या नावाने वसलेल्या. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच झाला. मात्र शाळा ज्या वाडीजवळ तेव्हा बांधली गेली ती तेथेच राहिली आहे, आणि तिच्यापासून सर्वांत दूर कोणाची वस्ती पडते हे पाहिले तर जुना इतिहास पुष्कळदा जमिनीवर तसाच लिहिलेला आढळतो.

मुलींच्या बाबतीत ह्या दोन्ही अंतरांत तिसरे मिसळते, ते वेळेचे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. ह्याचा अर्थ येथे मुली अधिक जन्मतात असा नव्हे. बाप्ये मुंबईस चाकरीला गेलेले असतात. घर, शेत, गुरे आणि म्हातारी माणसे बाईवर टाकलेली असतात. बाईला दोन हात कमी पडतात, तेव्हा तिसरा हात थोरल्या मुलीचा. पाणी भरणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेणे, गुरे सड्यावर सोडणे, आई शेतात असताना चुलीकडे पाहणे, ही सारी कामे अशी की त्यांची मजुरी कोणी मोजीत नाही, म्हणून ती मुलीने सोडली तर किती नुकसान होते हेही कोणी मोजीत नाही. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. नेमके तेच आठवडे तरवा काढण्याचे आणि लावणीचे. ज्या दिवसांत नवीन धड्याची सुरुवात व्हावयाची त्या दिवसांत मुलगी गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले घेऊन उभी. लावणी आटोपून ती वर्गात येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मागे पडलेल्या मुलाला मास्तर रागावतो. मागे पडलेल्या मुलीच्या बाबतीत मात्र घरीच निकाल लागतो.

ह्या वेळेच्या अंतरावर सर्वांत मार्मिक उपाय शोधला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या दोघींनी. कोकणातच, पण उत्तरेकडे. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांच्या पाड्यांतील मुले केंद्रात येत नाहीत असे दिसल्यावर, मुलांना नावे न ठेवता ह्या बायांनी केंद्रच उचलले आणि पाड्यावरील अंगणात नेऊन मांडले. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ झाला आहे, त्याचे मूळ ह्या अंगणात आहे. गुरे राखणारी मुले अंगणातही थांबेनात, तेव्हा शिक्षक त्यांच्यामागे कुरणावर गेले आणि कुरणशाळा जन्मास आली. धाकटे भावंड पाळणाघरात किंवा बालवाडीत सांभाळले गेले की थोरली बहीण आपोआप मोकळी होते, ही गोष्ट त्यांनी अनुभवाने दाखवून दिली. मुलीला शाळेत आणावयाचे तर आधी तिच्या कडेवरचे मूल खाली उतरवावे लागते. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत एवढे स्पष्ट वाक्य क्वचितच सापडते.

कायद्याचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, मुलींसकट. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तेच पाऊल उचलले. ब्रिटिश मुलखात गुहागर तालुक्यातील कोतळूकचे सुपुत्र गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही अत्यंत जपून: आधी मुलांपुरते, ज्या भागात पुष्कळ मुले आधीच शाळेत आहेत तेथे, आणि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क देशभर कायद्याने अमलात आला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. अंतर हाच मुख्य प्रश्न आहे, हे कायद्याने अशा रीतीने मान्य केले आहे. ते किलोमीटर नकाशावर मोजावयाचे की पाखाडीवरून, एवढाच वाद राहिला.

सरकारने केले ते थोडे नव्हे. १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. रुपयाचे मोल तेव्हाही फार नव्हते. तथापि मुलीच्या हजेरीला किंमत आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना प्रथमच नाण्यात दिसले. १९९६ च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला. ह्या पासाने जितक्या मुली दहावीपर्यंत नेल्या तितक्या क्वचितच एखाद्या भाषणाने नेल्या असतील. कारण खरी गळती होते ती पहिलीत नव्हे. वाडीतील शाळा चौथीला संपते, मोठी शाळा सातवीला संपते, आणि प्रत्येक वेळी पुढची इयत्ता आणखी दूर गेलेली असते. प्रत्येक टप्प्यावर मुलगा सायकल काढतो, आणि मुलीविषयी घरात चर्चा सुरू होते.

हातखंब्यासारख्या तिठ्यावर ही चर्चा विशेष रंगते. येथून चारी दिशांना गाड्या जातात हे खरे. पण त्याच वाटेने अवजड ट्रक आणि गॅसचे टँकर रात्रंदिवस धावतात. चौपदरी होत असलेल्या महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्या काळात रस्ता ओलांडणे हा मोठ्या माणसालाही प्रसंगच होता. संध्याकाळची एस.टी. चुकली तर दुसरी केव्हा येईल हे सांगता येत नाही. पासावर प्रवास फुकट आहे, पण गाडी आली तर. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कोरोनाच्या साथीनंतर शाळा नुकत्या उघडत होत्या. मुले वर्गात यावयाची, त्याच महिन्यांत गाड्या बंद. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचे बरेवाईट येथे ठरवावयाचे नाही. एवढेच की, शहरातील वृत्तपत्रांनी त्या संपाचा हिशेब महामंडळाच्या तोट्यात केला. दूरच्या वाडीतील आठवीच्या मुलीच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब कोणाच्या वहीत फारसा उतरला नाही.

आता ह्या साऱ्यावर नवे संकट आले आहे, आणि ते शाळा नसण्याचे नाही, असलेली शाळा उठण्याचे आहे. चाकरमान्यांची कुटुंबे शहरांत स्थिरावली, घरागणिक मुले कमी झाली, आणि ऐपतीच्या घरांतील मुले गाडीत बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. वाडीच्या शाळेत उरली ती आठ, दहा, बारा मुले. ज्यांच्या घरी गाडीचे पैसे नाहीत त्यांची, आणि त्यांतही मुली. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचे ठरविले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले; त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. कोकणात हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा आला, कारण येथे लहान पटाच्या शाळा हा अपवाद नसून पुष्कळ ठिकाणी नियमच आहे.

ह्या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मानणे बरोबर होणार नाही. चार इयत्तांची सहा मुले आणि एक शिक्षक, हे चित्र सुखाचे नाही. मुलाला बरोबरीची मुले लागतात, खेळाला गडी लागतात, वादाला प्रतिपक्ष लागतो. एकटा शिक्षक आजारी पडला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की शाळेला कुलूप. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगशाळा असेल, मुलींसाठी नीट स्वच्छतागृह असेल. दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी, दारापर्यंत गाडी येणार असेल आणि ती रोज येणार असेल, तर मोठी शाळा खरोखरच बरी.

परंतु सहा वर्षांच्या मुलीचे तसे नाही. तिला पहिल्या चार वर्षांत ग्रंथालयाहून आईच्या हाकेच्या टप्प्यात असण्याची गरज अधिक असते, आणि आईलाही तीच गरज असते. वाडीची शाळा बंद करून वाहतूक भत्ता देऊ, असे म्हटले जाते. भत्ता बँकेच्या खात्यात जमा होतो. पऱ्याला आलेला पूर भत्त्याने उतरत नाही. मुलाला मामाकडे, आत्याकडे शहरात ठेवून शिकविण्याची तजवीज घरे करतात. मुलीसाठी ती तजवीज बहुधा होत नाही. म्हणून पट मोजताना वाडीतील शाळेत बारा मुले आहेत एवढे न पाहता, ती उठल्यास त्यांतील कोण चालू लागेल आणि कोण घरी राहील, हे विचारले पाहिजे. त्या उत्तरात मुलामुलींची विभागणी सारखी येणार नाही, हे कोकणातील कोणतीही शिक्षिका सांगेल.

मधला मार्ग काढता येतो. चौथीपर्यंतचे वर्ग वाडीत ठेवावे, आणि शेजारच्या चारपाच लहान शाळांतील मुलांनी आठवड्यातून एखादा दिवस एकत्र यावे, खेळावे, प्रयोग करावे; त्या दिवसाची गाडी सरकारने किंवा गावाने द्यावी. पाचवीपासून पुढे मोठी शाळा, पण गाडीची वेळ शाळेच्या घंटेशी जुळलेली, आणि ती गाडी तिठ्यावर न सोडता वाडीच्या फाट्यापर्यंत जाणारी. शाळेशेजारी अंगणवाडी, म्हणजे धाकटे भावंड तेथे आणि थोरली बहीण येथे. शाळा हलविण्याचा प्रस्ताव आलाच, तर अंतर मोजण्यासाठी अधिकाऱ्याने एप्रिलमध्ये मोटारीने येऊ नये. जुलैमध्ये, पावसात, पहिलीतील मुलीचा हात धरून पाखाडीने चालावे.

ह्यांत शहरातील कुटुंबांचेही काम आहे, आणि ते केवळ सहानुभूतीचे नाही. मुंबईत कोकणातील गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांची परंपरा जुनी आहे. गिरणगावातील खोल्यांत ती जन्मली आणि गिरण्या बंद पडल्यावरही टिकली. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, पालखीची सोय, सभामंडप, ह्यांसाठी ही मंडळे वर्गण्या काढतात, आणि काढाव्यात. त्यांच्या सभा शिमग्यापूर्वी आणि गणपतीपूर्वी भरतात. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. तेव्हा वाडीचा साकव यंदा पाऊस सोसेल की नाही, आणि पाचवीत गेलेल्या मुलींना संध्याकाळी तिठ्यावरून घरी कोण आणील, हा विषय गणपतीच्या सभेत घेऊन उपयोगाचा नाही. तो शिमग्याच्या सभेतच घ्यावा लागेल.